कुर्ल्याची टोपोलिनो : छोट्या मोटारीचा जीर्णोद्धार आणि औद्योगिक स्मृतीचा प्रश्न

प्रस्तावना

मुंबईत जुन्या मोटारींची संचलने भरतात तेव्हा संस्थानिकांच्या रोल्स रॉईस, पॅकार्ड, ब्यूक अशा भव्य गाड्यांच्या रांगेत एखादी अगदी लहान, दोन माणसांची, कापडी छताची मोटार उभी असते. राजवाड्यांतील गाड्यांसमोर लोक अदबीने थांबतात; या लहान गाडीसमोर मात्र हसून थांबतात. तिच्यापुढील फलकावर सामान्यतः तीन गोष्टी नोंदविलेल्या असतात : कंपनीचे नाव, बांधणीचे वर्ष आणि देश. 'फियाट ५००, इटली' एवढ्या नोंदीने प्रेक्षकाचे समाधान होते. परंतु भारतात स्वातंत्र्यानंतर धावलेल्या अशा काही गाड्यांच्या बाबतीत ही नोंद अपुरी आहे. त्यांचे आरेखन तुरीनमध्ये झाले असले तरी त्यांची जोडणी कुर्ल्यात झाली होती.

जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करताना त्याला कोणत्या क्षणी परत न्यावयाचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना मूळ दगडावर तैलरंग चढविला गेला किंवा मागाहूनची ओवरी 'मूळची नव्हे' म्हणून पाडली गेली, तर इतिहासाचे काय नुकसान होते याची जाणीव अभ्यासकांना आहे. मोटारीविषयी तशी जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. फियाट ५०० अर्थात 'टोपोलिनो' या छोट्या मोटारीच्या निमित्ताने मुंबई उपनगराच्या औद्योगिक इतिहासातील एका विस्मृत प्रकरणाचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या जतनाच्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टोपोलिनोची जडणघडण

फियाट ५०० ही मोटार १९३६ साली इटलीत बाजारात आली. तिचा आराखडा दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याने सिद्ध केला. अल्प उत्पन्नाच्या इटालियन कुटुंबाला परवडेल अशी मोटार हे मूळ उद्दिष्ट होते व त्यासाठी ५,००० लिरांची किंमत डोळ्यांसमोर होती. प्रत्यक्षात ती ८,९०० लिरांना विकली गेली. स्वस्ताईचे स्वप्न आणि बाजारातील किंमत यांतील ही तफावत छोट्या मोटारीच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसते.

या गाडीचे वैशिष्ट्य असे की, ती मोटारसायकलीचे सुधारित रूप नव्हती; ती मोठ्या मोटारीची सर्व अंगे असलेली लहान मोटार होती. तिचे इंजिन ५६९ घन सेंटिमीटरचे, परंतु चार सिलिंडरचे व पाण्याने थंड होणारे होते. शक्ती अवघी १३ अश्वशक्ती. गिअर चार आणि ब्रेक हायड्रॉलिक. दोन आसांमधील अंतर केवळ दोन मीटर असल्याने जागेचा प्रश्न बिकट होता. जाकोसाने इंजिन पुढील आसाच्याही पुढे ठेवले आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, काहीसा उंचावर बसविला. तापलेले पाणी आपोआप वर चढते व निवलेले खाली उतरते, या साध्या नियमावर थंड होण्याची क्रिया चालत असल्याने पहिल्या आवृत्तीत पाण्याच्या पंपाची गरज राहिली नाही. रेडिएटर पुढून हटल्यामुळे गाडीचे नाक उतरते व निमुळते झाले. या चिमुकल्या आकारामुळे इटालियन लोकांनी तिला 'टोपोलिनो' म्हणजे 'छोटा उंदीर' हे नाव दिले; इटलीत मिकी माऊसही याच नावाने ओळखला जातो.

तिचे छत हा या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. बंद छताच्या गाडीबरोबरच, मागे गुंडाळता येणारे कापडी छत असलेला प्रकारही आरंभापासून उपलब्ध होता. दाराच्या चौकटी जागेवर राहत व केवळ डोक्यावरील ताडपत्री मागे सरकत असे. आज संग्राहकांना आकर्षित करते ती ही उघडी गाडी होय. १९४८ साली सुधारित इंजिनाची दुसरी आणि १९४९ साली 'सी' ही तिसरी आवृत्ती आली. तिसऱ्या आवृत्तीत डोळ्यांसारखे वर आलेले दिवे पत्र्यात सामावले गेले व चेहरामोहरा बदलला. १९५५ पर्यंत तिन्ही आवृत्त्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. भारतातील जोडणीचा संबंध प्रामुख्याने या तिसऱ्या आवृत्तीच्या काळाशी येतो.

कुर्ल्यातील आगमन

भारतात मोटारनिर्मितीचा विचार टोपोलिनोच्या जन्मकाळीच सुरू झाला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५-३६च्या सुमारास मुंबईत मोटार कारखाना उभारण्याच्या योजनेचा पाठपुरावा केला. सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी ही कल्पना पुढे नेली व १९४० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. युद्धकाळात ब्रिटिश शासनाने या प्रयत्नास अनुकूलता दाखविली नाही. अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली क्रायस्लर गटाच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या वाहनांची जोडणी होऊ लागली.

अमेरिकन गाड्या आकाराने मोठ्या व पेट्रोल अधिक पिणाऱ्या होत्या. परकीय चलनाची चणचण असलेल्या नवस्वतंत्र देशात त्यांचा ग्राहकवर्ग मर्यादितच राहणार होता. १९४९ मध्ये शासनाने तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग आणून येथे जोडणी करणे हाच मार्ग उरला. या पार्श्वभूमीवर प्रीमिअर कंपनीने फियाटशी करार केला आणि १९५१ पासून कुर्ल्यात फियाट ५००ची जोडणी सुरू झाली.

कुर्ला ते मुलुंड या पट्ट्याचे तत्कालीन स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळालेला आग्रा रस्ता आणि त्यास समांतर जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग यांच्या आधाराने येथे कारखान्यांची रांग उभी राहत होती. कुर्ल्यात स्वदेशी मिल आधीपासून होती. मुकुंद, कमानी यांसारखे अभियांत्रिकी उद्योग आले. विक्रोळीत गोदरेज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स यांचे कारखाने उभे राहिले. गिरणगावातील कामगाराची ओळख सूत आणि माग यांच्याशी जोडलेली होती. या पूर्व उपनगरांत मात्र फिटर, टर्नर, वेल्डर, डेंटर आणि रंगारी असा नवा कुशल कामगार घडत होता. गिरणी कामगाराच्या जीवनावर मराठीत विपुल साहित्य निर्माण झाले. या दुसऱ्या कामगारवर्गाची नोंद त्या मानाने अत्यल्प आहे. कुर्ल्यात जोडलेली प्रत्येक लहान फियाट ही या वर्गाच्या उमेदवारीच्या काळातील एक वस्तुरूप नोंद आहे.

'जोडणी' या शब्दाला उद्योगाच्या इतिहासात काहीसे दुय्यम स्थान मिळते. परदेशातून आलेले भाग एकत्र करणे म्हणजे निर्मिती नव्हे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. तथापि, पेट्यांतून आलेले भाग तपासणे, क्रमाने बसविणे, जुळत नसलेले जुळवून घेणे आणि गाडी चालती करून देणे यांतूनच कारखान्याचे हात तयार होतात. पुढे फियाट ११००चे भाग क्रमाक्रमाने येथेच बनू लागले, त्यामागे या उमेदवारीचा वाटा होता असे मानण्यास जागा आहे.

छोटी मोटार मागे का पडली?

१९५३ साली प्रशुल्क आयोगाचा अहवाल आला. ज्या कंपन्यांकडे देशांतर्गत निर्मितीचा कार्यक्रम नव्हता, त्यांना केवळ जोडणीचा व्यवसाय चालू ठेवता येणार नाही, असे धोरण त्यातून निश्चित झाले. १९२८ पासून मुंबईत जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने व फोर्डनेही काम थांबविले. प्रीमिअरला टिकावयाचे तर एखादी गाडी निवडून तिची पूर्ण निर्मिती येथे करणे भाग होते. कंपनीने १९५४ मध्ये फियाट ११०० निवडली.

या निवडीत धोरणाइतकेच समाजरचनेचे कारण होते. टोपोलिनो दोघांची गाडी होती. मागील फळीवर मुले कशीबशी बसू शकत. परंतु आई-वडील, भावंडे व पाहुणे यांसह प्रवास करणाऱ्या भारतीय कुटुंबाच्या दृष्टीने ती अपुरी होती. मोटार परवडणारा वर्ग लहान आणि त्या वर्गातील कुटुंबे मोठी, असा हा पेच होता. शिवाय मोटारींचा एक मोठा ग्राहक टॅक्सी व्यवसाय होता व त्यास चार दारांचीच गाडी हवी होती. फियाट ११०० या दोन्ही कसोट्यांस उतरली. तिच्या आधीच्या, नाकाडाच्या आवृत्तीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. १९५४ नंतरच्या आवृत्तींचा वंश पुढे प्रीमिअर पद्मिनीपर्यंत पोहोचला आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या ओळखीचा भाग झाला. पद्मिनीची निर्मिती या शतकाच्या आरंभी थांबली. मुंबईत नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची होती आणि तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. तिच्या धाकट्या भावंडाला, टोपोलिनोला, असा निरोप कधीच मिळाला नव्हता.

छोट्या मोटारीची कल्पना मात्र संपली नाही. १९५९-६० मध्ये झा समिती व तदनंतर पांडे समिती यांनी स्वस्त लहान मोटारीच्या शक्यतेचा विचार केला. महाराष्ट्रात इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्येच स्वतः बांधलेल्या लहान मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला होता. पुढे सुमारे दोन दशके सुधारणा करीत त्यांनी 'मीरा' ही मागील बाजूस इंजिन असलेली गाडी तयार केली. सुमारे १२,००० रुपयांत ती देता येईल असा अंदाज होता. उत्पादनापर्यंत ती पोहोचू शकली नाही. १९७० साली छोट्या मोटारीचे इरादापत्र संजय गांधी यांच्या मारुती प्रकल्पास मिळाले आणि प्रत्यक्ष मारुती ८०० रस्त्यावर आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, जपानी सहकार्याने. तुरीनची टोपोलिनो, इचलकरंजीची मीरा आणि गुरगावची मारुती यांना एका रेषेत ठेवले असता, सामान्य माणसाच्या मोटारीची आकांक्षा जुनी होती आणि परवाना पद्धतीच्या काळात तिची पूर्तता दीर्घकाळ लांबली, हे स्पष्ट होते.

उपयोगाकडून संग्रहाकडे

युद्धोत्तर युरोपात अतिलहान मोटारींची एक लाटच आली. इटलीत १९५३ साली जन्मलेली व पुढे जर्मनीत बीएमडब्ल्यूने बनविलेली इसेटा, विमानाच्या काचघुमटाची आठवण करून देणारी मेसरश्मिट, गोगोमोबिल या गाड्या टंचाईची अपत्ये होती. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाने पेट्रोल महागले आणि त्यांची मागणी वाढली. १९५९ मध्ये ब्रिटिश 'मिनी' आली. संपन्नताही वाढली व ही लाट ओसरली. काटेकोर वर्गीकरणात टोपोलिनो या अतिलहान मोटारींत मोडत नाही. ती त्यांची पूर्वज ठरते. तिची जागा १९५७ साली मागील इंजिनाच्या नव्या फियाट ५००ने घेतली होती.

गरजेपोटी जन्मलेल्या या वस्तू आज श्रीमंतांच्या संग्रहात आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ब्रूस वाइनर यांनी उभारलेल्या अतिलहान मोटारींच्या संग्रहालयाचा २०१३ साली लिलाव झाला, तेव्हा एका चारचाकी मेसरश्मिटला तीन लाख डॉलरहून अधिक बोली लागली. काटकसरीची वस्तू दुर्मीळ झाली की तिचे मूल्य उलटे होते. जी गाडी स्वस्त म्हणून घेतली गेली, ती निष्काळजीपणे वापरली गेली, लवकर भंगारात निघाली. म्हणूनच उरलेली महाग झाली. उघड्या छताच्या गाडीस हा नियम अधिकच लागू पडतो. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा यांत कापड कुजते, पाणी आत झिरपते आणि पायाखालचा पत्रा प्रथम गंजतो.

जीर्णोद्धाराचे तत्त्व आणि व्यवहार

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये 'तुरीन सनद' स्वीकारली. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यामागे आहे. वाहनाचे मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, कमीत कमी हस्तक्षेप करावा, केलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि वाहनाच्या आयुष्यात घडलेल्या बदलांनाही ऐतिहासिक पुरावा मानावे, अशी तिची दिशा आहे. टोपोलिनोच्या जन्मगावाचे नाव असलेल्या सनदेने, तुरीनबाहेर घडलेल्या तिच्या आयुष्यालाही मान दिला आहे, हे विशेष.

व्यवहारात मात्र संग्राहकाचा ओढा गाडी कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी करण्याकडे असतो. इटलीतून नवे भाग मागविले जातात, मूळ रंगपत्रकातील छटा शोधली जाते, जुना पत्रा कापून नवा जोडला जातो. या प्रक्रियेत प्रथम बळी जातो तो मुंबईचा. परवाना पद्धतीच्या काळात परदेशी भाग मिळणे दुरापास्त होते. अशा वेळी गाडी चालू ठेवली ती मिस्त्रींनी. दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसविणे, लेथवर बुश किंवा पिन नव्याने उतरविणे, फाटलेल्या छतासाठी स्थानिक ताडपत्री शिवून घेणे, हे त्यांचे शास्त्र होते. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांचा बाजार याच कौशल्याच्या आधारावर वाढला. संग्राहकाच्या दृष्टीने असा भाग 'चुकीचा' असतो. इतिहासाच्या दृष्टीने तोच भाग, आयातबंदीच्या अर्थव्यवस्थेत एक यंत्र कसे जगले, याचा साक्षीदार असतो.

कायद्यानेही या प्रश्नास वेगळे वळण दिले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. आधी नोंदलेल्या वाहनास जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंद होणाऱ्यास 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे आहे. अशी वाहने प्रदर्शन, संशोधन, संचलन, इंधन व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येतात. दैनंदिन वापरासाठी नाही. जुना क्रमांक राखण्याची सवलत अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची आहे. 'बीएम'ने सुरू होणारा क्रमांक द्वैभाषिकपूर्व आणि द्वैभाषिक मुंबई राज्याची आठवण देतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर आलेल्या अक्षरांपेक्षा तो वेगळा आहे. क्रमांकाची एक पट्टी राज्यरचनेचा इतिहास सांगते.

परंतु याच नियमांत वाहन 'मूळ स्वरूपात' असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अटीमागील हेतू योग्य आहे. नव्या गाडीवर जुना मुखवटा चढवून सवलत लाटली जाऊ नये. तथापि, मिस्त्रींच्या हिकमतीवर जगलेली गाडी या कसोटीत कोठे बसते? आणि कुर्ल्यात जोडलेल्या गाडीचे 'मूळ' कोणते मानावयाचे : तुरीनचा आराखडा, कुर्ल्याची जोडणी की पहिल्या मालकाच्या हाती आली तेव्हाची स्थिती? या प्रश्नांचे उत्तर नियमांच्या चौकटीत मिळणार नाही. ते प्रत्येक गाडीच्या नोंदींतून, म्हणजे इतिहासाच्या साधनांतूनच मिळू शकते.

साधनांचा प्रश्न

कुर्ल्याचा कारखाना आता नाही. त्या परिसरात निवासी व व्यापारी संकुले उभी आहेत. प्रीमिअर रस्ता हे नाव तेवढे कारखान्याची साक्ष देते. यंत्रे विकली गेली, शेड पाडल्या गेल्या. गिरण्यांच्या जमिनींविषयी मुंबईत मोठा वाद झाला व त्यातून काही दस्तऐवजीकरण तरी झाले. पूर्व उपनगरांतील अभियांत्रिकी कारखाने त्या मानाने गाजावाजा न होता लुप्त झाले. १९५० च्या दशकात तेथे लागलेले कामगार आज हयात असणे कठीण. त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढीही वार्धक्यात आहे. अशा स्थितीत उरलेल्या गाड्या हीच साधने ठरतात. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक, जोडणी करणाऱ्या कंपनीची पट्टी, नोंदणी पुस्तकातील मालकांची साखळी, रंगाच्या थरांखालील रंग, वेल्डिंगची पद्धत, हे सर्व वाचता येण्याजोगे आहे. रंग खरवडला की ते कायमचे पुसले जाते.

या कामी उपनगरांतील महाविद्यालयांना विशेष संधी आहे. घाटकोपर, विद्याविहार, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आजोबा याच कारखान्यांत कामास होते. इतिहास, अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन मौखिक मुलाखती घेणे, घरांतील ओळखपत्रे, वेतनचिठ्ठ्या व छायाचित्रे यांच्या प्रती जतन करणे, जीर्णोद्धार सुरू होण्यापूर्वी गाडीची स्थितिनोंद करून देणे, ही कामे मोठ्या निधीवाचून होण्यासारखी आहेत. संग्राहकालाही त्यात लाभ आहे, कारण पूर्वेतिहास सिद्ध असलेल्या गाडीची प्रतिष्ठा वाढते.

समारोप

टोपोलिनोचा मुंबईतील काळ अल्प होता. ती येथे बनली नाही, जोडली गेली. लोकप्रिय झाली नाही, थोड्यांच्या वाट्यास आली. तरीही आयातबंदी, प्रशुल्क आयोग, एकत्र कुटुंबाची गरज, नव्या कुशल कामगाराचा उदय आणि मिस्त्रींची हिकमत हे सर्व धागे तिच्या दोन मीटरच्या चौकटीत एकत्र येतात. तिला केवळ इटालियन कलाकृती म्हणून चकचकीत करणे म्हणजे हे धागे उसवणे होय. जीर्णोद्धार करू नये, असा याचा अर्थ नाही. गंजून नष्ट होणारी गाडी कोणताच इतिहास सांगत नाही. नव्या ताडपत्रीबरोबर जुनीचा एक तुकडा जपून ठेवावा, बदललेला भाग फेकून न देता त्याची नोंद करावी आणि प्रदर्शनातील फलकावर 'इटली' या शब्दापुढे 'जोडणी : कुर्ला, मुंबई' एवढे शब्द लिहावेत. ज्या कामगारांचे नाव कोठेही कोरलेले नाही, त्यांच्या कामाची दखल घेण्याचा आरंभ तेथून होऊ शकेल.